तंबाखूच्या भट्टीवरचा सिनेमा

बटरवर्थ, पिनांग, मलेशिया
२० ऑगस्ट, मंगळवार

प्रिय साकमाताई,

सलाम. आईला आणि भावोजींना माझा सलाम सांग, झुहराचा पापा घे. इकडे आम्ही सगळ्याजणी बऱ्या आहोत. तुमच्याकडे तंबाखूची तोडणी जोरात असेल, भट्ट्या पेटल्या असतील. हाताला तो काळा चीक बसतो तो अजून खोबरेल चोळूनच काढतेस ना? मी इथल्या बायकांना सांगते की माझ्या ताईचे हात वर्षातले तीन महिने काळे असतात, तर त्यांना खरं वाटत नाही.

फोन केला की भावोजी उचलतात. "ती शेतात आहे." सकाळी शेतात, भर दुपारी शेतात, ईदच्या दिवशीही शेतातच. म्हणून पत्र लिहायला बसले. सहनूनकाकू लोम्बोकला परत निघाल्यात, त्या हे तुझ्याच हातात देतील. त्यांना तसं बजावलंय.

आमचं टेम्पेचं स्वयंपाकघर चालू आहे. मालकिणींकडून पळून आलेल्या बायका येतात, चार दिवस नुसत्या झोपतात, मग उठून टेम्पेसाठी सोयाबीन भिजवायला, आंबवायला लागतात. फ्लोरेसची योसेफिना सगळं बघते. तिची जीभ तशीच तिखट. परवा मला म्हणाली, "तू सिनेमावाली आहेस, तू बोल. आम्ही काम करतो." ती आणि मी मध्यंतरी तुझ्या हिल्मीला भेटून आलो. ठीक आहे. थोडी वाळलीय, उंच मात्र झालीय. तुझ्यासारखी मान वाकडी करून बघते.

सविस्तर पुढे लिहिते. आधी दुसरं सांगते.

माझा मोठा सिनेमा तू पाहिलेला नाहीस. तासाभराचा आहे. त्यात बायका कॅमेऱ्याकडे पाठ करून बसतात आणि काय काय झालं ते सांगतात. मोठ्या शहरांत दाखवला, लोक रडले, टाळ्या वाजवल्या आणि बाहेर येऊन आमचं टेम्पे खाऊन घरी गेले. त्याने स्वयंपाकघराचं भाडं निघत नव्हतं. म्हणून मी एक छोटासा केला, तीन मिनिटांचा. त्यात पांढरे एप्रन, वाफाळते टोप, खिडकीतून ऊन, आणि सगळ्या हसताहेत. शेवटी मी स्वतः उभी राहून म्हणते, "मी लोम्बोकची रुमिलाह. एकोणीस वर्षांची असताना इथे धुणीभांडी करायला आले. आज आम्ही आमच्या मालकिणी आहोत." यातलं एक अक्षर खोटं नाही, ताई. फक्त मधली वर्षं नाहीत. त्या तीन मिनिटांनंतर मागणी इतकी वाढली की आम्ही दुसरी खोली घेतली.

जूनमध्ये आपल्या बाजूची एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. पायात चप्पल नाही, ओठ फाटलेला. मला बघून चक्क हसली. म्हणाली, "दीदी, तुम्हाला बघूनच आले मी."

"कुठे बघितलंस मला?"

"भट्टीवर! हाजी मुहसननी भट्टीच्या भिंतीवर चादर लावून दाखवलं ना. सगळं गाव आलं होतं. म्हणाले, 'बघा, आपलीच पोर. गेली मोलकरीण म्हणून, झाली मालकीण. कुणाला जायचंय?'"

हाजी मुहसन मुली पाठवण्याचा धंदा करतात हे मला ठाऊक होतं. मलाही त्यांनीच पाठवलं होतं. पण माझाच चेहरा भिंतीवर लावून ते पोरी गोळा करतात हे मला तिने सांगितलं. आणि हेही सांगितलं की पहिल्या रांगेत तू बसली होतीस. ओढणीने डोळे पुसत शेजारणींना म्हणत होतीस, "ही माझी धाकटी बहीण." हिल्मी तुझ्या शेजारी होती. तिने दुसऱ्या दिवशी हाजींकडे नाव दिलं.

मला विचारलं का नाहीस, ताई? एक फोन. मी तुला दोष द्यायला हे लिहीत नाहीये. नाही, थोडा देतेय. पण तुला देऊन उरतो तो सगळा माझ्याकडेच येतो.

त्या मुलीनेच घराची खूण सांगितली, दोघींना एकाच गाडीतून नेलं होतं. इथून बसने दोन तासांवर. निळं फाटक, आत लोखंडी जाळीचं दार. योसेफिना टोपली घेऊन पुढे झाली, "टेम्पे घ्या, ताजं टेम्पे!" मालकीण बाहेर गेली होती. हिल्मी कडेवर मूल घेऊन जाळीपाशी आली. तिचे केस कापलेत. न्हाव्याने कापल्यासारखे नाहीत. डाव्या हाताला फडकं बांधलेलं.

"मावशी?" मग तिने माझ्या मागे बघितलं. "शूटिंग करतेयस? थांब, मी मुलाला खाली ठेवते." आणि उजव्या हाताने केस सारखे करायला लागली.

"नाही गं. कॅमेरा नाही आणला."

तिचा चेहरा पडला. मला सोडवायला आलेली बघून नाही उजळला, आणि कॅमेरा नाही म्हटल्यावर पडला.

"हाताला काय झालं?"

"इस्त्री."

"तुझी तुला लागली?"

"मावशी, बाळाच्या झोपेची वेळ झालीय."

"हिल्मी, चल. आत्ता चल. कुलपाचं आम्ही बघतो."

ती मागे सरकली. "मी आले तर हाजी माझ्या जागी झुहराला आणणार. बाबांनी कबूल केलंय. माझ्यासमोर."

"झुहरा चौदाची आहे!"

"मी तरी सोळाचीच होते की. कागदावर एकवीस." मग मलाच समजावायला लागली. "कराराची दोन वर्षं म्हणजे काय गं. काढीन. आईला सांग मी मजेत आहे. केसांचं नको सांगू."

मी जाळीतून हात घातला. तिने तो धरला नाही. मूल माझ्या बोटांशी खेळलं.

मी दुसऱ्या दिवशी चौकीवर गेले. कागद नीट आहेत म्हणाले, वय बसतं, मुलीने स्वतः तक्रार केली तर बघू. मग ओळखीच्या वकीलबाईंना घेऊन परत त्या घरी गेले. फाटकाला बाहेरून कुलूप. शेजारीण म्हणाली, सामान भरून गाडीतून गेले सगळे, मोलकरीण मागे बसली होती मुलाला घेऊन. कुठे गेले? तिने खांदे उडवले. बहुधा मालकिणीला आमचं येणं कळलं. मी गेले नसते तर निदान ती कुठे आहे ते मला माहीत असतं.

हिल्मी हरवली, ताई. वर 'ठीक आहे' लिहिलं ते खोडलं नाही, कारण तिने तसंच सांगायला सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात मोठा सिनेमा एका सभागृहात दाखवायचा होता. ठरलेलं होतं, गेले. नंतर एका बाईंनी माझे दोन्ही हात धरून विचारलं, "भाचीची गोष्ट पुढच्या सिनेमात येईल ना? लोकांवर फार परिणाम होईल." कुणी सांगितलं त्यांना कोण जाणे. मी "बघू" म्हणाले. मी खरंच "बघू" म्हणाले. परत आल्यावर योसेफिनाला हे सांगितलं, तर ती सोयाबीन चोळत राहिली, वर बघितलंसुद्धा नाही.

तो छोटा सिनेमा मी सगळीकडून काढून टाकला. काय उपयोग? हाजींच्या फोनमध्ये आहे, गावातल्या पोरापोरींच्या फोनमध्ये आहे. पाकिटावरचा माझा फोटो काढला, तर दुकानदार विचारतात, टेम्पे बदललं का? टेम्पे तेच आहे. बायकांना जेवायला हवं, म्हणून चूल पेटते. नवीन कुणी आली की पूर्वी मी तिच्याजवळ बसून म्हणायचे, सांग, तुझी गोष्ट सांग. आता त्या बोलायला लागल्या की मी उठून भांडी घासायला जाते.

आणि आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. सहनूनकाकूंच्या सुनेने फोनवर सांगितलं की झुहराचा पासपोर्टसाठी फोटो काढून झालाय. लिपस्टिक लावून, मोठी दिसावी म्हणून. तिच्या फोनवरून तुला हे सगळं सांगता आलं नसतं, तिथे घरभर कान लागलेले असतात. हिल्मी थांबली ती हिला वाचवायला, आणि तुमच्याकडे हिचीही तयारी चाललीय. भावोजींशी भांड. नाही जमलं तर आईला घेऊन मातरामला मामांकडे जा, झुहराला बरोबर ने. मामा ओरडतील, पण ठेवून घेतील. आयुष्यभर तू कुणाला नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही, मलाही नाही. एकदा म्हण.

पण काकू जहाजाने जाणार, वाटेत लेकीकडे थांबणार. पत्र पोचेपर्यंत झुहरा निघाली असेल तर मला उत्तर लिहीत बसू नकोस. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. काकूंच्या सुनेकडून एवढाच निरोप पाठव, कुठल्या बंदरातून निघाली आणि अंगात कुठल्या रंगाचे कपडे होते. धक्क्यावर खूप मुली उतरतात, आणि सगळ्या सारख्याच दिसतात.

तू म्हणशील तोवर तुझीच,
रुमिलाह