गुंडीचं माप

२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची वाट पाहून थकले आणि शेवटी मान खाली घालून मीच लिहायला बसले. इकडे सगळं क्षेम आहे, आणि तेच माझं दुखणं आहे. गुंडीची बालवाडी बंद पडली. बाई लग्न करून गेली, दारावर कुलूप आलं. आता ही पाच वर्षांची बया डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत माझ्या मागे. तिचे बाबा पुलाच्या कामावर असतात, पंधरवड्यातून एकदा येतात, जेवतात, घोरतात आणि जातात. मी नकाशांच्या ऑफिसात होते तेव्हा भिंत दोन सुतं सरकली तरी मला लांबून दिसायची. आता दिवसभर ठोकळ्यांची घरं बांधते, आणि तीही गुंडीच्या मते चुकतात.

एखादा छंद लावून घे, असं जो तो सांगतो. लावून घेतले की! आधी कुंड्या आणल्या. मुळं किती वाढली ते बघायला गुंडीनं रोज रोपं उपटली. मग जलरंग आणले, तर ब्रश धुतलेलं पाणी ती प्यायली. गिटार घेतली, तर कानांवर हात ठेवून समोर बसायची, पण उठून म्हणून जायची नाही. पाव भाजला, त्यावर पाट्या फोडता आल्या असत्या. आणि या सगळ्यात तिचा एकच प्रश्न, आता काय करायचं. दिवसातून शंभरदा. ताई, खरं सांगू? पोरगी गोड आहे, पण गळ्यातलं लोढणं आहे. पाऊल टाकलं की गुडघ्यावर आपटतं. हे तुलाच लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर लोक तोंडात शेण घालतील.

तू हसत असशील. तुझे छंद काय मला ठाऊक नाहीत? व्हायोलिन झालं, मासे झाले, गुलाब झाले. सुईत दोरा ओवला की तुझा उत्साह संपतो. पण तुझी जुळी वसतिगृहात गेली, तू सुटलीस बाई.

भाऊजींना नमस्कार. आहे त्या लोभात थोडी भर घाल आणि उत्तर धाड.

तुझी,
धाकटी


९ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. जेवताना तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. ते आधी हसले, मग त्यांनी ताट बाजूला सारलं.

मी सुटले म्हणतेस. जुळी गेल्यापासून घर इतकं आवरलेलं असतं की उचलायला काही सापडत नाही. खाली यांच्या दवाखान्यात कुणाची कुत्री, कुणाच्या शेळ्या ओरडत असतात, आणि वर मी जिन्यात बसून ऐकते. एकदा तर स्वच्छ चादर उगाच चुरगाळून पुन्हा घातली. तेव्हा कंटाळ्याच्या गोष्टी मला नको सांगूस.

गुंडीला माझ्याकडे पाठव. पुढच्या रविवारी हे औषधं घ्यायला तुमच्या बाजूला येतात, येताना तिला घेऊन येतील. थंडीभर राहू दे. तिला अंगण मिळेल, तुला छंद मिळतील, माझंही कुठेतरी मन रमेल. यांच्याबरोबर माझ्या विणकामाच्या सुया आणि लोकर पाठवते. तू म्हणतेस तशीच आहे, सुरुवात करून सोडलेली. पुढचं तू कर.

लहानपणी माझी बाहुली दोन दिवस मागून न्यायचीस आणि टक्कल करून परत आणायचीस. मी तसं काही करणार नाही, निर्धास्त राहा. लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

तुझी,
ताई


३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे उपकार कुठल्या जन्मी फेडू? गुंडी गेली त्या दुपारी मी गाढ झोपले. जाग आली तर घरात चिडीचूप. आता वाईट वाटेल, मग वाटेल, म्हणून वाट पाहिली. नाही वाटलं. उठून चहा केला आणि तो गरम असतानाच प्यायले. पाच वर्षांत पहिल्यांदा!

आता माझी स्वारी फार बिझी असते. गिटारचे मास्तर घरी येऊ लागलेत. शाळेमागच्या शेडमध्ये मातीकामाचा वर्ग असतो, तिथे माझ्या पहिल्या भांड्याला सगळे हसले, दुसऱ्याला कुणी हसलं नाही. आणि तुझ्या सुयाही चालू केल्यात. समोरची औषधवाली दुपारी गिऱ्हाईक नसलं की टाके शिकवते. गुंडीसाठी लाल स्वेटर विणणार आहे, पोटावर पांढरा ससा. माप पाठव, आपल्या आईच्या पद्धतीनं. उंचीच्या दोऱ्याला एक गाठ, छातीच्याला दोन, बाहीच्याला तीन.

ती रडत नाही ना? रडत असली तर कळवू नकोस, उगाच मला निघावं लागेल. तुझा लोभ आता दोघींत वाटून दे.

तुझी,
धाकटी


१२ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गुंडी बरी आहे. आल्यापासून जिना दणाणतो आहे. सकाळी दवाखान्यात यांच्या शेजारी स्टूल टाकून बसते, कापूस हातात देते, पाय बांधलेल्या कुत्र्यांना धीर देते. संध्याकाळी आम्ही दोघी मिळून भाज्या निवडतो. झोपताना माझी करंगळी धरून झोपते. जुळ्यांनी कधी धरली नव्हती.

तुझी पत्रं मी तिला वाचून दाखवते. आईचं पत्र आलं म्हटलं की पळत येऊन उभी राहते, मग काय करणार? आधीचंही एकदा वाचलं. गाळून वाचायची मला सवय नाही. लोढणं म्हणजे काय, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, जड वस्तू असते. त्या दिवसापासून दूध अर्धंच पिते. हलकं झालं की आईकडे जाता येतं, असं तिनं मनाशी धरलेलं दिसतं. बाकी रडण्याचं म्हणशील, तर कळवू नकोस असं तूच लिहिलंस, म्हणून कळवत नाही.

तीन दोरे सोबत आहेत, गाठी नीट पाहून घे. तुझ्या भांड्यांना माझे आशीर्वाद. लोभ आहे तसाच.

तुझी,
ताई


५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. अगं, ती चेष्टा होती! बहिणीनं बहिणीला लिहिलेलं लेकरापुढे वाचतात का? तिला म्हणावं दूध पूर्ण पी, आई चेष्टेखोर आहे. मी त्याच दिवशी निघणार होते, पिशवी भरलीसुद्धा. पण आमच्या वर्गाचं प्रदर्शन आलं आणि माझी सहा भांडी त्यात निवडली गेली. आता माघार घेतली तर मातीकामाच्या बाई पुन्हा दारात उभं करणार नाहीत. प्रदर्शन झालं की येतेच.

पण माझ्या आधी स्वेटर पोचेल. रोज संध्याकाळी खिडकीत बसून विणला. सशाच्या डोळ्याच्या जागी गुंडी लावली आहे, तिला गंमत कळेल. इवलासाच दिसतो असं औषधवाली म्हणत होती. मी म्हटलं, लोकर ताणते. तिच्या अंगात घाल आणि सांग की आईनं मिठी मारली आहे. एवढं माझ्यासाठी कर.

लोभ असू दे, आणि जीभ जरा आवर.

तुझी,
धाकटी


१४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. गुंडीनं स्वतः दोरी सोडली, कागदाची घडी घालून ठेवली. रंग तिला फार आवडला. सशाचा डोळा बराच वेळ चाचपत होती.

मग घालायला घेतला. डोकं गळ्यातून जाईना. तिनं हात वर केले होते, ते बाह्यांत कोपरापर्यंतच गेले आणि तशीच अडकली, तोंडावर लाल लोकर. तू सांगितलेला निरोप मी तेव्हाच दिला, आई मिठी मारते आहे म्हणून. ओढून काढला तेव्हा कान लाल झाले होते. नंतर तिनं विचारलं की आईकडे आता दुसरं लहान बाळ आलंय का, आणि त्याचा स्वेटर चुकून इकडे आला का. मला नक्की माहीत नाही, असं मी म्हटलं.

स्वेटर वाया गेला नाही. दवाखान्यात एक आजारी पिल्लू आहे, त्याला अगदी बेताचा बसला. गुंडीनंच घातला. प्रदर्शन कसं झालं ते कळव. लोभ राहील, जीभही राहील.

तुझी,
ताई


१९ नोव्हेंबर

ताई,

मी गुंडीचा मागे राहिलेला झोपायचा सदरा काढला आणि तुझे दोरे त्यावर ठेवले. उंचीचा दोरा वीतभर आखूड आहे. बाहीचा सदऱ्याच्या कोपराशीच संपतो. मापं मी आयुष्यभर घेतली आहेत, तेव्हा नजरचूक झाली असं मला सांगायला येऊ नकोस. हे तू मुद्दाम केलंस.

दुसरं बाळ आलंय का म्हणून लेकरू विचारतं आणि तुला साधं ‘नाही’ म्हणवत नाही? तू तिला माझ्यापासून तोडते आहेस. जुळ्यांना तू नकोशी झालीस, म्हणून माझी पोरगी हवी. बाहुलीचा सूड इतक्या वर्षांनी उगवतेस का? पुढच्या शनिवारी मी येते आणि तिला घेऊन जाते. हे पत्र तिला वाचून दाखव, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत.

धाकटी


२३ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हो, दोरे मी आखूड कापले. कुणा गरिबाला दे म्हणून तू गुंडीच्या जुन्या कपड्यांचं गाठोडं माझ्याकडे टाकलं होतंस. त्यात ती जेमतेम वर्षाची असतानाचा फ्रॉक होता, त्याची ती मापं. मला वाटलं, दोरे हातात घेताच तू ओळखशील आणि मला शिव्या घालत पहिल्या गाडीनं येशील. मी तुझ्या स्वयंपाकाचीही तयारी करून ठेवली होती. तू आली असतीस तर पाय धरून चूक कबूल केली असती.

पण तू विणायला बसलीस. पाठ विणलीस, पोट विणलंस, दोन बाह्या विणल्यास. ससा काढलास, त्याला डोळा लावलास. भिंत दोन सुतं सरकली तर तुला लांबून दिसते ना? इतक्या संध्याकाळी तो स्वेटर तुझ्या मांडीवर होता, आणि यात गुंडी मावणार नाही असं तुझ्या हातांना एकदाही वाटलं नाही. औषधवालीला वाटलं. दोरा मी कापला, धाकटे, स्वेटर तू विणलास.

तिला तोडायचं म्हणशील तर तशी गरज नाही. तू मला ओळखतेस. मलाही आता पुरे झालं. रोज कुणी करंगळी धरून झोपलं की कूस बदलता येत नाही. यांनी मला चित्रं काढायला मोठी चौकट आणून दिली आहे, जुळ्यांच्या खोलीत उजेड चांगला येतो, ती मला हवी. गुंडीला हे सांगितलं तेव्हा ती हट्ट करून बसली नाही. तिनं आपली पिशवी आपण भरली. भरताना विचारलं की उशी इथेच ठेवू का, म्हणजे पुढच्या वेळी आणायला नको. मी सांगितलं, काही ठेवू नकोस. मग ती करंगळी धरायला आली नाही, भिंतीकडे तोंड करून झोपली.

तू येऊ नकोस, हे शनिवारी आणून सोडतील. बाहुली परत करते आहे. केस जागेवर आहेत.

लोभ होता तेवढा वापरला.

तुझी,
ताई


११ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुंडी सुखरूप पोचली. भाऊजी चहासुद्धा न घेता परतले. माझ्याकडे बघायला त्यांना जमलं नाही, आणि मलाही.

केस जागेवर आहेत हे खरं. बाकी काय जागेवर आहे ते समजत नाही. खुर्चीच्या कडेला बसते. पाणी हवं असलं तर विचारते, आणि पेला धुऊन ठेवते. आता काय करायचं, हा प्रश्न शंभरदा विचारायची, आता एकदाही विचारत नाही. मीच विचारते, तर ती म्हणते, तुला जे काम असेल ते कर, मी आवाज करणार नाही. तिची पिशवी दाराशी तशीच आहे. मी तिच्यातले कपडे कपाटात लावले, तर संध्याकाळी तिनं घड्या घालून पुन्हा भरले. गिटार मी मास्तरांना देऊन टाकली, मातीकाम सोडलं. ती भांडी बघून तिनं इतकंच विचारलं की मी इथे असले तर यांना जागा पुरेल का.

तुला दोष द्यायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. चार कागद फाडले. तुझा राग येतो, इतका की सुया दिसल्या तरी तू दिसतेस. पण दोरे हातात घेतले की तुझं पत्र खोटं पाडता येत नाही, आणि त्यासाठी मी तुला कधी माफ करणार नाही.

काल नवी लोकर आणली, तोच लाल रंग. मापाला तिला समोर उभी केली. शिंप्याकडे उभं राहावं तशी हात पसरून, श्वास रोखून उभी राहिली. उंचीच्या दोऱ्याला एक गाठ मारली, छातीच्याला दोन. बाहीचा दोरा मी दोनदा धरून पाहिला.

यापुढे पत्र धाडू नकोस. लोभ उरला असेल तर तो तुझ्याकडेच राहू दे.

धाकटी

ता. क. बाहीच्या दोऱ्याला तिसरी गाठ मारत होते तेव्हा गुंडीनं विचारलं, हा विणून झाला की कुठल्या पत्त्यावर पाठवणार?