कंदील आधी विझवायचा

३ नोव्हेंबर

आले एकदाची पुण्यात. सांगलीहून निघताना आईने चटण्यांचे इतके डबे दिले की दार उघडताच पूर्वाने विचारलं, राहायला आलीस की दुकान टाकायला. पूर्वा माझी मावसबहीण. विश्रांतवाडीतल्या या फ्लॅटमध्ये आता आम्ही दोघीच. तिने अर्धं कपाट माझ्यासाठी रिकामं करून ठेवलंय, वर निळा मग आणलाय. पिवळा तिचा, त्याला हात लावायचा नाही अशी तंबी मिळालीये. कंपनी हिंजवडीला. व्हिडिओ गेम खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. पूर्वा म्हणते, इथून हिंजवडी म्हणजे रोज परगावी जाणं. नशिबाने चेतन सरांनी घरूनच काम करायला सांगितलंय.

६ नोव्हेंबर

गेम छोटासाच, पण गोड आहे. एका मुलीने जत्रेतून धाकट्या भावाला अंधारातून घरी आणायचं, बस. पूर्वाने एकदा खेळून बघितला, तर बाईसाहेब पहिल्याच शेतात मेल्या. ही बटणं बडवणं तुलाच लखलाभ, म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. मी मात्र ओढ्यावरच्या पुलापाशी अडकले. हातात कंदील दिसला की पुलाखालचं ते काहीतरी वर येतं आणि ओढून नेतं. कंदील आधी विझवायचा, हे कळेपर्यंत नाकी नऊ आले.

८ नोव्हेंबर

काल गेम संपवला. तो पुन्हा खेळायचे दोन नवे प्रकार उघडलेत: 'एकट्याने' आणि 'एकच जीव'. दुसऱ्याखाली लिहिलंय, हरवलेलं माणूस परत मिळेल, पण मेलात तर कायमचं जाईल. दोन्ही तपासायचेत. सकाळी 'एकट्याने' सुरू केला. त्यात भाऊ नाहीच. मुलगी एकटी चालते, पण हात कुणाचा तरी धरल्यासारखा.

चहासाठी पूर्वाला हाक मारली. घरात नाही. न सांगता कुठे गेली कोण जाणे.

९ नोव्हेंबर

पूर्वा आली नाही. पिवळा मग नाही. तिचं अर्धं कपाटही रिकामं. मावशीला फोन केला, तर कोण पूर्वा, म्हणाली. मग आईला केला. मावशीला मूल झालं नाही हे तुला माहीत आहे ना, असलं तिच्यापुढे बोलत जाऊ नकोस, म्हणाली.

त्या गेममधला भाऊ आणि माझी पूर्वा एकाच वेळी गेले.

१० नोव्हेंबर

'एकच जीव' खेळले. दुसरा उपाय सुचला नाही. पूल आला, कंदील विझवला, भाऊ पलीकडे उभा होता. त्याला घेऊन घरी पोचले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून पूर्वाने विचारलं, चहा की कॉफी.

तिच्या गळ्यात पडून रडले. सगळं सांगितलं. तिने कपाळाला हात लावून ताप बघितला.

१२ नोव्हेंबर

आता गेमला हात लावणार नाही. चेतन सरांचा फोन आला. 'एकट्याने'चं काम आज आलं नाही, तर उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. पूर्वाने ऐकलं. म्हणाली, तू मंडईत जा, आवळे घेऊन ये, माणसांत गेलीस की बरं वाटेल.

१२ नोव्हेंबर, दुपारी

आवळेवाली माझ्याकडे बघेचना. आधी राग आला. मग बसमध्ये एक बाई माझ्याच जागेवर बसायला लागली—

घरी आले. निळा मग नाही. स्क्रीनवर 'एकट्याने'. माझं राहिलेलं काम करायला बसली होती वेडी. माझी नोकरी वाचवायला.

मला हाका मारतेय. मी समोरच आहे. मग माझ्या आईला फोन लावला तिने. आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण पूर्वाचा चेहरा—

आता पटलंय तिला. 'एकच जीव' उघडलाय. रडत रडत खेळतेय.

पहिलं शेत पार केलं. दुसरंही. शाब्बास गं—

पूल. कंदिलाचं मी तिला सांगितलंच नाही. सगळं सांगितलं आणि हेच राहिलं. ओरडतेय, ऐकू जात नाही. म्हणून लिहितेय, मोठ्या अक्षरांत, वही तिच्या मांडीवर ठेवून—

खाली बघ. पूर्वा, बटणांकडे नको, इकडे बघ. पुलावर पाय ठेवू नकोस, कंदील आधी वि