दाजींच्या दवाखान्याचा बोर्ड आणि तेवीस पांढरे लेअर

तीर्थरूप दाजींना, शिडीवरून उतरून, हाताचा रंग पुसून नमस्कार.

तुमची डावीकडची दाढ आता कशी आहे? (ताई म्हणाली, अजूनही उजव्या बाजूनंच चावता. दातांच्या डॉक्टरला दाढेबद्दल मी पेंटर काय सांगणार, पण काळजी वाटते.) बाकी तुमची तब्येत, ताईची तब्येत नि नव्या दवाखान्यातली खुर्ची, सगळं ठणठणीत असेल असं धरून चालतो. फोनच करणार होतो, पण तुम्ही पलीकडून नुसतं "हं, बोल" म्हणालात तरी माझी बोबडी वळते, म्हणून पत्र.

दाजी, जमलं! मला कॉम्प्युटर जमला! रविवारी उघडायच्या दवाखान्याचा बोर्ड तुम्ही विश्वासानं माझ्यावर सोपवलात, तेव्हाच ठरवलं की हा कॉम्प्युटरवरच करायचा. हातानं रंगवलेला बोर्ड हल्ली कोणी मागत नाही. हा जमला तर चाळीस वर्षांचा धंदा टिकला, नाही तर रंगाच्या डब्यांना झाकणं लावून घरी बसायचं. म्हणून या वयात प्रिंटिंगवाल्या बाईंच्या दुकानात रोज दोन तास स्टुलावर बसून शिकलो.

त्यात लेअर म्हणून एक गंमत असते. म्हणजे असं बघा, काचेवर काच ठेवायची. एका काचेवर तुमचं नाव, दुसरीवर दाताचं चित्र, तिसरीवर वेळा. वरून बघितलं की सगळं मिळून एक बोर्ड! दात सरकवला तरी नावाला धक्का नाही. अहो, दात दोन इंच डावीकडे घ्या म्हटलं की मी जन्मभर अख्खा बोर्ड खरवडत आलो! आणि प्रत्येक लेअरपुढे एक डोळा असतो. तो मिटला की लेअर गायब, उघडला की हजर. पहिल्या दिवशी मी तासभर नुसता तुमचा दात घालवत होतो नि परत आणत होतो. (घरी सांगितलं तर ही म्हणाली, माझ्या दातांकडे कधी एवढं बघितलं नाहीत.)

घोळ झाले, नाही असं नाही. दोन दिवस मी तुमचं नाव मोठं करायला जायचो आणि दात फुगायचा. शेवटी दात एवढा झाला की नाव त्याच्या फटीत अडकल्यासारखं दिसायला लागलं. मग बाईंनी दाखवलं की ज्या लेअरवर काम करायचं तो आधी यादीत निवडायचा असतो. ही तर ऐकताक्षणी म्हणाली, डब्यांवर चिठ्ठ्या लावतो तशी त्यांना नावं द्या, 'लेअर १७' म्हणजे तिखट की साखर, कसं कळणार? दिली नावं. झक्क काम झालं.

एकच सवय सुटेना. पेंटर चूक पुसत नाही, पेंटर चुकीवर पांढरा मारतो. बाई सांगायच्या, नको असेल तो लेअर डिलीट करा. मी मान डोलवायचो नि हळूच वर पांढरा चौकोन टाकायचो. अक्षरांचा सराव करायला मधोमध एक वाक्य टाइप केलं होतं, मनात आलं ते, त्याच्यावरही पांढरा. असे तेवीस पांढरे लेअर झाले. पण स्क्रीनवर बोर्ड कसा, आरशासारखा लख्ख!

काल तो छापून तुमच्या दारावर चढवलासुद्धा. बाईंच्या माणसांनी लावतानाच ताईच्या सांगण्यावरून वर चादर बांधली आहे. रविवारी अख्ख्या गल्लीसमोर ती तुम्ही ओढायची.

तुमचा एकुलता एक मेहुणा,
पेंटर

ता. क. चादर ओढू नका.

ता. क. दुसरा. आज सकाळी कौतुकानं चादरीखाली डोकावलो आणि शिडीवरून पडता पडता वाचलो. छापण्याआधी बाईंनी फाइल आवरली. तेवीस रिकामे लेअर उगाच पडलेत म्हणून काढून टाकले. कॉम्प्युटरातला पांढरा कधी वाळतच नाही हो, दाजी! बाकी ठिकाणी रंगाचे ठिपकेच होते, पण मधोमध फूटभर उंच लाल अक्षरांत छापलंय: "डॉक्टर स्वतः खुर्चीत बसायला घाबरतात." (वाक्य माझं नाही, ताईचं. तीन वर्षं ती हेच म्हणते आहे. बाईंनी छापताना वाचलं होतं. त्यांना वाटलं, हल्ली जाहिरातीत काहीही लिहितात.)

ता. क. तिसरा. नवा बोर्ड सोमवारशिवाय छापून मिळत नाही. पण माझा ब्रश आहे! शनिवारी दुपारी खऱ्या पांढऱ्या रंगानं शेवटचा शब्द झाकतो आणि त्यावर तसंच लाल "घाबरत नाहीत" लिहितो. कोणाला पत्ता लागणार नाही. फक्त एक आहे. चाळीस वर्षांत मी बोर्डावर खोटं लिहिलेलं नाही. तेव्हा त्याआधी एकदा खुर्चीत बसा. तुमच्या जोडीच्या डॉक्टरीणबाई शनिवारी तीनला मोकळ्या आहेत, ताईनं वेळ घेऊन ठेवली आहे.

ता. क. शेवटचा. अख्खी ओळच का झाकत नाहीस, असं तुम्ही विचाराल. मीही ताईला तेच म्हणालो होतो. ताईनं माझी शिडी नेऊन कुलपात ठेवली आहे. तीनला दाढ निघाली की साडेतीनला शिडी मिळेल म्हणाली.