ठोकळ्याविरुद्ध पेन्सिल

२ जानेवारी. सकाळ.
नव्या वर्षाचा संकल्प: चिडायचं नाही.
चहाच्या आधीच कन्येने विचारलं, परदेशी कॉलेजांच्या मार्चमधल्या प्रवेश परीक्षेसाठी ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर घरात आणू या का. संकल्प संपला.
तीस वर्षं गणिताचा क्लास चालवतोय. आलेख हाताने काढायचा असतो. उद्या म्हणतील, घासही बटण दाबून गिळू! साफ नाही म्हणालो. बायको म्हणाली, लागतो की नाही ते आधी कुणाला तरी विचारा. मी? कुणाला?

५ जानेवारी.
मेव्हण्याच्या मुलाचा जुना कॅल्क्युलेटर कन्या उचलून घेऊन आली. ठोकळा नुसता! आणि मेव्हणा! जन्मात धड पाढा म्हणता आला नाही, निघाला गणिताचा उद्धार करायला. ठोकळा फ्रीजवर ठेवला. कुणी हात लावायचा नाही, असं घरभर बजावलं.

९ जानेवारी.
दिवाळीनंतर गेलेल्या तिघांच्या मागोमाग क्लासमधले जुळे भाऊही समोरच्या गल्लीतल्या टायवाल्याकडे गेले. तो म्हणे मोठ्या पडद्यावर ठोकळा लावून शिकवतो. टाय बांधून गणित आलं असतं, तर कापडाच्या दुकानातले पुतळे प्रोफेसर झाले असते. जावोत. कोंडा गेला, दाणे राहिले.

१७ जानेवारी.
आणखी चार दाणे गेले.
कन्येला आव्हान दिलं. सराव पेपर एकच. ती ठोकळ्यावर, मी पेन्सिलवर. हरलो तर तिने खुशाल ठोकळा वापरावा, असंही उदारपणे म्हणालो. पेन्सिलींना टोकं काढून ठेवली. बिचारी पोर. जरा सांभाळूनच हरवेन.

१८ जानेवारी. रविवार.
तिचा पेपर संपला तेव्हा मी तिसऱ्या आलेखाचे अक्ष आखत होतो. पण काय अक्ष! घड्याळ बायकोने लावलं होतं, ते चुकलं असणार. शिवाय सुबकपणाला एकही मार्क नाही, हा पेपर काढणाऱ्यांचा शुद्ध हलकटपणा. सामना अनिर्णित, असं जाहीर केलं.
नंतर कन्येने विचारलं, बाबा, तुम्हाला शिकवू का ठोकळा. मला!

२४ जानेवारी. दुपार.
घरात कोणी नाही. शत्रूचा अभ्यास करावा म्हणून ठोकळा खाली काढला. साइनचा आलेख मागितला. शेंबड्या पोरालाही ठाऊक, लाट यायला हवी. आली आडवी रेषा! पुन्हा केलं. पुन्हा रेषा. सापडला चोर! आनंदाने जिना चढलो, उतरलो. उद्या पालकांची सभा. टायवाल्यालाही मुद्दाम निरोप.

२५ जानेवारी.
पालक आले. टायवालाही, टायसकट. ठोकळा उंच धरून म्हणालो, ही सपाट रेषा म्हणजे तुमच्या मुलांचं भवितव्य. टाळ्यांसाठी थांबलो.
टायवाला हळूच म्हणाला, सर, कोन अंशांत राहिलाय. त्यात लाट इतकी लांबते की पडद्यावर रेषाच दिसते. रेडियन करून बघा. कन्येने उठून दोन बटणं दाबली. लाट आली.
याच चुकीसाठी मी आजवर पोरांना बाकावर उभं करत आलो. पण ठोकळ्याने सांगायला नको? नालायक. पालक चहा न घेताच गेले.

५ फेब्रुवारी.
क्लासमध्ये आता एकच मुलगी. वैयक्तिक लक्ष देता येतं, हा फायदाच.

९ फेब्रुवारी.
तिला कांजिण्या झाल्याचं तिच्या आईने कळवलं. संध्याकाळी कांजिण्यावाली टायवाल्याच्या पायऱ्या चढताना दिसली. दोन-दोन एकदम.

१४ मार्च.
परीक्षा. कन्या निघून गेली आणि बघतो तर ठोकळा फ्रीजवरच! तत्त्व तत्त्वाच्या जागी, पोरीचं वर्ष वाया जायला नको. धापा टाकत केंद्राच्या फाटकात गाठलं. ती शांतपणे म्हणाली, लागत नाही बाबा, परीक्षा कॉम्प्युटरवर आहे, स्क्रीनवरच कॅल्क्युलेटर असतो. डिसेंबरपासून माहीत होतं तिला.
म्हणजे जिंकलो! ठोकळ्याची गरज नाही, मी पहिल्यापासून हेच तर सांगत होतो. तसं तिला म्हणालोही. मग विचारलं, की मग तो आणलास कशाला.
म्हणाली, तुमच्यासाठी. क्लास रिकामा व्हायला लागला होता. वाटलं, समोर दिसला तर शिकाल, आणि मुलं टिकतील. घंटा झाली, आत गेली.

१५ मार्च.
पेपर सोपा गेला म्हणते. बरं झालं.
काल फाटकात वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.
आजही क्लासच्या वेळेला दार उघडं ठेवून बसलो. ठोकळा टेबलावर मांडला होता, येणाऱ्याला लगेच दिसेल असा. बायको म्हणाली, अहो, दार लावा, नुसते डास येतायत.
लावलं.