मृगाच्या चिठ्ठीवरची लाल खूण

११ नोव्हें., मंगळ.
सकाळी गिरगावात सरांकडे. तीन जिने, गुडघ्यानं जीव घेतला. प्राण्यांच्या संस्कृत नावांचा कोश सत्तावीस वर्षांनी एकदाचा छापायला जातोय, शेवटची प्रुफं सोमवारी प्रेसला द्यायची. सर शहाऐंशीचे, दिसत जवळजवळ नाही. मी वाचते, ते ऐकतात. आज मार्जार, मग मूषक. मांजर सारखं स्वतःला पुसतं म्हणून मार्जार, उंदीर चोरतो म्हणून मूषक. सर म्हणाले, "आपल्या लोकांनी नावं ठेवताना कोणाला सोडलं नाही." हसले. बऱ्याच दिवसांनी.

मग प्रस्तावनेचा शेवट सांगितला, मी लिहून घेतला. "या कोशातला एकही दाखला सुधाताईंनी मूळ ग्रंथात स्वतः पाहिल्याशिवाय छापलेला नाही." माझं नाव आलं आणि हात थांबला. माणिक, सरांची मुलगी, म्हणाली, "चहा गार होतोय, काय झालं?" काही नाही म्हटलं.

१२, बुध.
खाई त्याला खवखवे.

सर चिठ्ठी लिहिणार: शब्द, धातू, रूपं, दाखला. मी ग्रंथ उघडून ती ओळ ताडणार, आणि मगच कोपऱ्यात लाल खूण. न पाहता खूण नाही, हा पहिल्या दिवसाचा नियम. ह्यांचं डायलिसिस चालू होतं त्या वर्षी 'म'ची एक जुडी मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून पुरी केली. बेचाळीस चिठ्ठ्या, बेचाळीस खुणा, पुस्तक एकही उघडलं नाही. सरांचं पाठांतर कधी चुकत नाही, अशी मनाची समजूत घातली. ह्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. कोणाला बोलले नाही.

उद्यापासून एकेक ताडून बघणार. सरांकडे हीच पुस्तकं आहेत, पण तिथं उघडली तर माणिक विचारेल.

१३, गुरु.
दादरला ग्रंथालयात दिवसभर. चोवीस झाल्या, सगळ्या बरोबर. सरांना दंडवत. टेबलावर स्पर्धा परीक्षेच्या मुली. एकीनं विचारलं, "आजी, तुमची कुठली एक्झाम?" म्हटलं, जुनी आहे, बॅकलॉग.

१४, शुक्र.
आणखी सतरा, बरोबर. राहिला मृग.

कुठला मुहूर्त बघून तो शेवटी ठेवला कोण जाणे. सरांचा सगळ्यात लाडका शब्द. मृग म्हणजे मुळात हरीण नाहीच, कुठलंही रानटी जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग, आणि हत्ती वेदात 'हात असलेला मृग'. इराणकडे तोच शब्द पक्ष्याला लागला आणि फिरून हॉटेलच्या पाटीवर मुर्ग होऊन आला. रूपं सोपी, देव शब्दासारखी, पोरंही चालवतील. भांडण एवढंच की आधी कोण. जुने वैयाकरण म्हणतात आधी धातू, मृग् म्हणजे शोधणे, म्हणून ज्याला शोधतात तो मृग. सर म्हणतात उलटं. आधी जनावर, मग माणूस त्याच्यामागे धावला, आणि धावण्याला नाव मिळालं ते जनावराचं. प्रस्तावनेची चार पानं यावर. ती चार पानं एका जुन्या ओळीवर उभी.

ती ओळ सांगितल्या ठिकाणी नाही. तो अध्याय तीनदा वाचला. मागचा, पुढचा. नाही.

१५, शनि.
दुसरी आवृत्ती काढायला लावली. तीतही नाही. सरांनी ती आपल्या गुरुजींच्या तोंडून ऐकली असणार, आणि ठिकाण आठवणीनं घातलं. मी तेव्हा पुस्तक उघडलं असतं तर चूक लगेच सापडली असती, तेव्हा सर सदुसष्ट वर्षांचे होते, दुसरा आधार शोधला असता त्यांनी.

प्रुफात ती ओळ पेन्सिलीनं खोडली. त्यांना दिसणार नाही, वाचणार मीच. मग स्वतःचीच किळस आली, खोडरबरानं पुसलं. सरांचाही राग आला. कोणी सांगितलं होतं माझं नाव घालायला.

माणिकला फोन केला. म्हणाली, "बाबा एकदम खुशीत. येईल त्याला तुझं वाक्य म्हणून दाखवतात."

१६, रवि.
दुपारी जाऊन सांगून टाकलं. ओळ तिथं नाही, आणि मी पाहिलीच नव्हती. ह्यांच्या आजाराचं सांगायचं नाही असं ठरवून गेले होते, तेही सांगितलं.

सरांनी ती ओळ हळू म्हणून पाहिली. पुन्हा म्हटली, मध्येच थांबले. "गुरुजी म्हणायचे," एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "आणि बाकीच्या?"
"बेचाळीसच होत्या, सर. एक्केचाळीस बरोबर आहेत."
"त्या नाही गं. सगळ्या."

सगळ्या पाहिल्यात, म्हटलं. खरंच पाहिल्यात, देवाशपथ. पण आज माझ्या तोंडून ते त्यांना कसं ऐकू आलं असेल. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

सरांनी माणिकला प्रेसला फोन लावायला सांगितला. प्रुफं उद्या येत नाहीत. कधी ते सांगता येत नाही. प्रेसवाला बराच वेळ बोलत होता, सर नुसते 'बरं, बरं' करत होते. शहाऐंशी वर्षं वय. मला वर बघवेना.

मग म्हणाले, "'अज'पासून घेऊ, पहिल्या चिठ्ठीपासून. तू चिठ्ठी वाच. पुस्तक माणिक बघेल."

माणिक चष्मा शोधायला आत गेली. सत्तावीस वर्षं पुस्तक मी बघत होते.

संध्याकाळपर्यंत नऊ झाल्या. उद्या दहाला बोलावलंय.