झाकलेला वाडगा

१४ जुलै
नात यशोधरा पुण्याला जाताना बटण दाखवून गेली – "आजी, तू बोल, मोबाईल लिहील." तर बोलते. मला अक्षर येत नाही, हा काय लिहितोय ते कळायचं नाही. असू दे! घरात एक तरी उलट न बोलता ऐकतोय.

आज सोनिवलीच्या वाटेवर वारुळाजवळ अळंब्या मिळाल्या, खायच्या. सोसायटीच्या गवतात दुसऱ्या – गोऱ्यापान, देखण्या, विषारी! देठ कापला की दोन्ही सारख्याच. छत्री कागदावर ठेवायची, वर वाडगा झाकायचा. सकाळपर्यंत भुकटी गळते, कागदावर चक्र उमटतं. त्या वारुळाच्यांचं फिकट गुलाबी, ह्या गवतातल्यांचं हिरवं. वर्षावासाला विहारात मांडायचीत माझी चक्रं.

बबन म्हणजे आमचे हे. (घेतलं नाव! मोबाईलला काय लाजायचं?) म्हणतात, "लोकांच्या बायका अळंबीची भाजी करतात, आमची नक्षी काढते."

१५ जुलै
बाजारातून आले. ओट्यावर एक वाडगा बाजूला सरकवलेला. खालची अळंबी गायब.

"अहो, इथलं काय केलंत?"

"खाल्लं की, चपातीबरोबर. कच्ची होती गं भाजी. मीठ तर नव्हतंच."

पिशवी तिथेच टाकली, प्रमोदला रिक्षा आणायला पळवलं.

१५ जुलै, संध्याकाळ
उल्हासनगरच्या दवाखान्यातून बोलतेय. रिक्षात आमचा पोरगा प्रमोद एकच बोलला – "आई, ते सगळं फेकायचं. घरात विष नको." खरं तेच बोलत होता.

डॉक्टरीण विचारते, कुठली अळंबी? कुठली! दोन वाडगे होते. कुठल्याखाली काय ठेवलं, आठवेचना. मग डोक्यात आलं – अळंबी गेली, कागद तर आहे! शेजारच्या राजसीकडे आमची किल्ली असते. तिला फोन लावला.

"सरकवलेल्या वाडग्याजवळचा कागद बघ गं. हिरवा का गुलाबी?"

"काकू, कोराच आहे."

"लाईट लाव की बाई!"

"थांबा... हां. गुलाबी! एकदम फिक्का. दुसऱ्या वाडग्याखाली अळंबी आहे, तिथे हिरवं."

मी तिथेच रडले. डॉक्टरीण म्हणाली, नुसत्या रंगावर विसंबायचं नाही, आजोबा आज इथेच राहतील. राहू देत बाई, हवं तर बांधून ठेव.

१६ जुलै
ठणठणीत! दवाखान्याच्या चहाला नावं ठेवली, तेव्हाच मी ओळखलं – वाचला म्हातारा.

१७ जुलै
घरी आणलं. विचारलं, "कच्चं होतं तर गिळलंत कशाला?"

म्हणाले, "अंबरनाथच्या कंपनीतून दुसरी पाळी करून यायचो, तेव्हा ओट्यावर काय असायचं? तू झाकून ठेवलेलं. झाकलेलं म्हणजे माझंच! कच्चं लागलं तेव्हा वाटलं, हिला आता होत नाही. बोललो असतो तर तोंड पाडून बसली असतीस."

आधी खूप हसले. मग हसू कुठे गेलं कुणास ठाऊक.

प्रमोदने माझे सगळे कागद बांधून दाराशी ठेवलेत, उद्याच्या कचऱ्यात. मी अडवलं नाही. माणूस घरी आला – चक्रांचं काय एवढं!

१८ जुलै
कचरेवाला आलाच नाही. येता-जाता गठ्ठ्याकडे बघितलं नाही. बघितलं. दोनदा.

१९ जुलै
सकाळी दाराशी गठ्ठा नव्हता. यांच्या उशाशी होता! आणि कपाटावर, ओट्यापासून लांब, एक वाडगा झाकलेला. मी ठेवला नव्हता. उचलला. कागदावर हिरवं चक्र – जरासं वाकडं. मागून आवाज आला, "हात धुतलेत मी, ओरडू नकोस. आणि हे खायचं नाही हां!"