आगीसाठी वेगळी वेबसाइट

८ डिसेंबर २०१४, सोमवार

काय घडले:
१. शुक्रवारी दुपारी बाभुळगाव रोडवरच्या जिनिंग कारखान्यात कापसाची गंजी पेटली.
२. तिथल्या मुनिमाने आमच्या नगर परिषदेची वेबसाइट उघडली. अग्निशमनाचा नंबर ‘आरोग्य व स्वच्छता’मध्ये, ‘इतर सेवा’च्या खाली, एकदाचा सापडला.
३. फोन वाचनालयात लागला. ग्रंथपालांनी सभासद क्रमांक विचारला.
४. बंब पोहोचला तेव्हा गंजी नव्हती. माणसे वाचली.
५. आज सीओ (मुख्याधिकारी) साहेबांनी मला, म्हणजे कंत्राटी संगणक अभियंत्याला, विचारले: अग्निशमनाला वेगळी वेबसाइट हवी का? टिपणी द्या.
६. मी घाबरलेली नाही.

सहावा मुद्दा टिपणीत जाणार नाही.

९ डिसेंबर

वेगळी वेबसाइट केव्हा करावी, याला नियम आहे. वापरणारे लोक वेगळे हवेत. त्यांचे काम वेगळे हवे. आणि ती सांभाळायला एक माणूस हवा. यातले एकही नसेल तर मुख्य वेबसाइटवर एक नीट पान पुरे.

अग्निशमन तिन्हीत नापास. उद्या तशी टिपणी देणार. निर्णयात भावनेला जागा नाही.

संध्याकाळी: सत्तरीतल्या घरमालकीण रुखमाबाईंनी माझ्या शेजारच्या खोलीत कापूस भरला. भाव पडला आहे, चढेपर्यंत विकणार नाहीत. ढीग आढ्याला टेकला. मधली भिंत एकेरी विटेची. मधल्या दाराला कडी माझ्या बाजूने, पण फळ्यांच्या फटींतून कापूस डोकावतो.

माझे बालपण वणीचे. तिथे कोळशाचे ढीग कोणी काडी न लावता आतून पेटतात. त्याचा इथे काही संबंध नाही. नोंद म्हणून लिहिले.

१० डिसेंबर

टिपणी बदलली. विचारांती लक्षात आले की लोक वेगळे आहेत. घरपट्टी भरणारा नागरिक असतो. ज्याचे घर पेटले तो त्या क्षणी नागरिक नसतो. कामही वेगळे. सांभाळायला माणूस: मी.

सीओ साहेब म्हणाले, मॅडम, नंबर दुरुस्त करून पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात टाकला तर नाही का भागणार? मी म्हणाले, सर, ती मलमपट्टी झाली. त्यांनी मंजुरी दिली.

१८ डिसेंबर

झोप कमी. कारण वेबसाइटचे काम. उशाशी पाण्याची बादली ठेवते. हिवाळ्यात हवा कोरडी असते.

अंगाला खाज. घरात साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात. रुखमाबाईंना सांगितले. जाता जाता विचारले, कापूस आपोआप गरम तर होत नाही ना? त्या हसल्या. “काहून भेतं वं पोरी? कापूस हाय तो, वाघ नाही!” मी सांगितले की भीती नाही, तांत्रिक शंका आहे. त्या म्हणाल्या, “मंग तुया त्या शंकेले माह्याजवळ झोपव. एकटी काहून राह्यते?”

नम्रपणे नाही म्हटले. मला खाजगीपण लागते.

२७ डिसेंबर

बंबाचे ड्रायव्हर नागोराव आले. वेबसाइटवर नकाशात बंब नगर परिषदेच्या आवारात दाखवला आहे, त्याला त्यांची हरकत. प्रवेशद्वारावर नवी कमान झाल्यापासून बंब आत शिरत नाही. म्हणून तो त्यांच्या घरापुढे, आमच्या मागच्या गल्लीत, कडुलिंबाखाली उभा असतो. “सारं गाव तिथीच येते मॅडम. आमची बुढी चहा बी पाजते.”

मी दप्तर दाखवले. अग्निशमन केंद्राचा पत्ता: नगर परिषद आवार. दप्तरात लिंब नाही. वेबसाइटवर अधिकृत माहितीच जाईल. ते म्हणाले, “टाका बापा, तुमची मर्जी.”

१ जानेवारी २०१५

वेबसाइट सुरू. नकाशा, बंबाचा फोटो, ‘आग लागल्यास काय करावे’ अशी सूचनांची यादी. पहिली सूचना: घाबरू नये. दुसरी: घरातील वृद्धांना आधी बाहेर काढावे.

मुख्य वेबसाइटवरून अग्निशमन काढून टाकले. एक माहिती, एकच जागा.

आता सुरक्षित वाटते. म्हणजे, नागरिकांना वाटेल.

७ जानेवारी

भेट देणाऱ्यांची आकडेवारी समाधानकारक. रात्रीचा वापर विशेष.

८ जानेवारी

सगळ्या भेटी एकाच ठिकाणाहून. ते ठिकाण ही खोली. मी चाचणी घेत असते.

१२ जानेवारी, सोमवार

काल संध्याकाळी मधल्या दाराच्या फटीतून धूर आला.

वेबसाइट उघडली नाही. हे आत्ता, लिहिताना, लक्षात येत आहे. लॅपटॉप बंदच छातीशी धरला आणि अनवाणी पळाले. थेट नगर परिषदेच्या आवारात. रविवार, फाटकाला कुलूप. कमान होती. बंब नव्हता. तो तिथे नसतो, हे मला माहीत होते. तरी फाटक हलवत राहिले.

परत आले तेव्हा बंब आमच्या गल्लीत उभा होता. रुखमाबाईंनी मागच्या भिंतीवरून हाक मारली, ती शेजाऱ्याने पुढे दिली, दोन घरांनंतर ती नागोरावांपर्यंत पोहोचली. त्यांच्या हातात चहाचा कप अजून होता.

कारण: कापसातले किडे जावेत म्हणून रुखमाबाईंनी घमेल्यात लिंबाचा पाला धुमसत ठेवला होता. एक ठिणगी कापसात गेली. कापूस वरून शांत दिसतो, आतून पेटत जातो. त्यांनी एकटीने ओल्या पोत्याने दाबून धरला. दोन्ही तळवे भाजले. बंबाच्या पाण्याने ढीग भिजला. आता भाव आला तरी या कापसाला तो मिळायचा नाही.

पाला का जाळला? मला खाज येते म्हणून.

त्या रागावल्या नाहीत. एवढेच विचारले, “पोरी, मी तुले हाका मारून राह्यलो होतो. तू कुठी गेलती?”

मी म्हणाले, बंब आणायला. त्यांनी माझ्या हातातल्या लॅपटॉपकडे पाहिले आणि म्हणाल्या, “बरं केलं.”

१३ जानेवारी

सीओ साहेबांना टिपणी दिली: वेगळ्या वेबसाइटची गरज नाही. मुख्य वेबसाइटच्या पहिल्या पानावर नागोरावांचा नंबर आणि लिंबाचा पत्ता टाकला आहे. साहेबांनी वर पाहिले नाही.

कापूस गच्चीवर वाळत होता. संध्याकाळी तो पुन्हा त्याच खोलीत भरला. रुखमाबाईंच्या हातांना पट्ट्या, म्हणून टोपली मी उचलली.

समोरासमोर बोलायला जमले नाही. चिठ्ठी लिहून त्यांच्या दाराखालून सरकवली. प्रत इथे:

सौ. रुखमाबाई यांस,
१. रविवारी तुम्ही आत होता, हे मला माहीत होते. मी हाक मारली नाही.
२. मी पहिल्या दिवसापासून घाबरलेली आहे.
३. माझी खाट तुमच्या खोलीत टाकण्याची परवानगी मिळावी. तुमच्या हातांची मलमपट्टी मी करीन.
कृपया शुक्रवारपर्यंत उत्तर द्यावे.
— उर्वशी (शेजारची खोली)